आधी पाथ मागा, मग थांबा

विदर्भातील रेल्वे प्रवासी संघटनांचे पदाधिकारी, रेल्वेच्या सल्लागार समित्यांवरचे सदस्य आणि आमचे लोकप्रतिनिधी यांना,

सप्रेम नमस्कार.

मागे पेपरात एक फोटो पाहिला. इंजिनाला झेंडूचा हार, रुळाशेजारी फोडलेला नारळ, लोको पायलटच्या हातात पेढ्यांचा डबा आणि फलाटावर शे-दीडशे माणसं. गावाला एका एक्स्प्रेसचा प्रायोगिक थांबा मिळाला होता. त्या चेहऱ्यांवरचा आनंद खरा होता. कितीतरी निवेदनं देऊन, कितीदा नागपूर-मुंबई करून त्यांनी तो मिळवला असणार. तरीही पेपर बाजूला ठेवल्यावर मला चैन पडेना, म्हणून हे पत्र लिहायला बसलो.

मी सेक्शन कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. हे काम लोकांना दिसत नाही. स्टेशन मास्तर दिसतो, गार्ड दिसतो, टीसी तर दिसतोच. पण दोन गाड्या एकाच वेळी एका मार्गावर आल्या की कोणती पुढे काढायची आणि कोणती लूपला, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर घ्यायची, हे दूर कुठेतरी कानाला हेडफोन लावून बसलेला माणूस ठरवतो. तुमची पॅसेंजर कारण न कळता अर्धा तास उभी राहिली असेल, तर माझ्यासारख्याच कुणीतरी ती उभी केलेली असते. त्याच्यासमोर कारण असतं. तुम्हाला ते कुणी सांगत नाही, आणि ते सांगितलं गेलं नाही म्हणूनच आपल्या मागण्या चुकीच्या जागी जाऊन पडतात, असं मला वाटतं.

आमच्या कामाचा जीव एका कागदात असतो. त्याला चार्ट म्हणतात. आडव्या बाजूला वेळ, उभ्या बाजूला स्टेशनं. खाली नागपूर, मग अजनी, खापरी, गुमगाव, बुटीबोरी, बोरखेडी, सिंदी, तुळजापूर, सेलू रोड, वरूड आणि वर सेवाग्राम. जमिनीवर जसं अंतर, तशाच प्रमाणात कागदावर. गाडी निघाली की तिची तिरपी रेघ सुरू होते. एक्स्प्रेसची रेघ खडी चढते, मालगाडीची लोळत जाते, गाडी उभी राहिली की रेघ आडवी होते. एकाच दिशेच्या दोन रेघा स्टेशनाच्या ओळीवरच एकमेकींना ओलांडू शकतात, कारण ओलांडायला लूप लाइन लागते आणि ती स्टेशनातच असते. आता हा कागद स्क्रीनवर गेला. गाडी पुढे सरकली की कॉम्प्युटर स्वतः रेघ ओढतो, आणि वेळापत्रक बसवायलाही रेल्वेच्या 'क्रिस' संस्थेनं सॉफ्टवेअर केलं आहे. रेघांचा नियम मात्र बदललेला नाही.

या चार्टवर एका गाडीसाठी सुरुवातीपासून शेवटपर्यंत मोकळी राखलेली जी तिरपी पट्टी असते, तिला आम्ही पाथ म्हणतो. रूळ आहेत, डबे आहेत, इंजिन आहे, ड्रायव्हर आहे, पण पाथ नाही, तर ती गाडी वेळापत्रकात येतच नाही. हा शब्द लक्षात ठेवा. तुमच्या निवेदनांत तो मला कधी दिसला नाही.

आता थांब्याचा हिशोब. निवेदनात लिहिलेलं असतं, 'फक्त दोन मिनिटांचा थांबा द्यावा'. चोवीस डब्यांची एक्स्प्रेस ताशी ११० किलोमीटरनं येते आहे असं धरा. ब्रेक लावून उभी राहीपर्यंत जवळजवळ एक मिनिट वाया जातं. दोन मिनिटं ती उभी राहते. मग डब्ल्यूएपी-७ सारख्या दमदार इंजिनालाही चोवीस डबे ओढत पुन्हा ११० गाठायला चारेक मिनिटं लागतात, त्यात आणखी दोन मिनिटांचं नुकसान. इथेच पाच झाली. फलाट मेन लाइनवर नसून लूपवर असला, तर काट्यावरून, म्हणजे रूळ बदलायच्या सांध्यावरून, आत शिरताना आणि बाहेर पडताना बहुतेक ठिकाणी ताशी ३०चा वेग, म्हणजे वर एक-दीड मिनिट. दोन मिनिटांचा थांबा गाडीला पाच ते साडेसहा मिनिटांना पडतो.

याच्या शेजारी दुसरा आकडा ठेवून पाहा. गाडीचा वेग ११० वरून १३० केला तर दर शंभर किलोमीटरला किती वेळ वाचतो? आठ मिनिटं. तेवढ्यासाठी रूळ बदलावे लागतात, वळणं सरळ करावी लागतात, सिग्नल सुधारावे लागतात, गुरं येऊ नयेत म्हणून मार्गाला कुंपण घालावं लागतं. वर्षानुवर्षं गँगमन उन्हातान्हात राबतात. दोन नवे थांबे दिले की त्या शंभर किलोमीटरचं सगळं काम धुऊन निघतं.

बरं, नुकसान त्या एका गाडीपुरतं राहत नाही. तिच्या मागची गाडी पिवळा सिग्नल बघत हळू होते. आणि पुढच्या स्टेशनवर लूपमध्ये पॅसेंजर उभी असते, ही एक्स्प्रेस निघून जाण्याची वाट बघत. ती आणखी सहा मिनिटं थांबते. तोवर दुसरी एक्स्प्रेस जवळ आलेली असते, मग तीही काढून घ्यावी लागते. एका गावाला मिळालेली सहा मिनिटं पुढच्या चार गावांच्या पॅसेंजरमधून वजा होतात. चिडून त्या चार गावांतले लोक काय करतात? एक्स्प्रेसचा थांबा मागतात. हे चक्र मी माझ्या टेबलावरून वर्षानुवर्षं बघितलं आहे.

नागपूरला हे जास्त का भोवतं, ते समजून घेण्यासारखं आहे. मुंबई, दिल्ली, हावडा आणि चेन्नई या चार टोकांना जोडणारा चौकोन डोळ्यांसमोर आणा आणि त्याचे दोन कर्ण काढा. दिल्ली-चेन्नई हा एक कर्ण, मुंबई-हावडा हा दुसरा. भूमितीत दोन कर्ण एका बिंदूत छेदतात. आपल्याकडे ते एका बिंदूत न छेदता नागपूर ते सेवाग्राम असे पाऊणशे किलोमीटर एकमेकांच्या अंगावरून धावतात. चेन्नईची गाडी इटारसीकडून येते, नागपूर घेते आणि सेवाग्रामहून बल्लारशाहकडे वळते. हावड्याची गाडी गोंदियाकडून येते, नागपूर घेते आणि त्याच रुळांवरून वर्ध्याला जाऊन बडनेऱ्याकडे निघते. ग्रँड ट्रंक, तामिळनाडू, केरळ या एक्स्प्रेस आणि गीतांजली, आझाद हिंद, हावडा मेल अशा सगळ्यांना सिंदीच्या स्टेशनवरूनच जावं लागतं.

हे कुणी एका बैठकीत ठरवून बांधलं नाही. १८६७ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळकडून नागपूरला पोचली. वर्ध्याहून दक्षिणेकडे फाटा निघाला तो १८७०च्या दशकात, वरोऱ्याच्या कोळशासाठी. पूर्वेला राजनांदगावकडे जाणारी लाइन १८८०च्या दशकात आधी मीटरगेज झाली, ती पुढे बंगाल नागपूर रेल्वेनं घेऊन ब्रॉडगेज केली. इटारसीची लाइन १९२०च्या दशकातली. आणि १९२९ मध्ये बल्लारशाह-काझीपेठ जोडलं गेलं तेव्हा दिल्ली-मद्रास सलग झालं. कोळशासाठी काढलेला फाटा देशाचा मुख्य मार्ग होऊन बसला. चार दिशांची चार कामं, चार वेगळ्या कारणांनी झालेली, आणि त्यांची गाठ आपल्या शहरात. मोहननगरजवळचं डायमंड क्रॉसिंग, जिथे हे रूळ एकमेकांना छेदतात, ते बघायला लोक आवडीनं जातात. कंट्रोलरला तिथे एवढंच दिसतं की एक गाडी त्यावरून जात असताना दुसऱ्या दिशेच्या गाडीला बाहेर उभं राहावं लागणार.

त्यात कोळसा आला. चंद्रपूर, वणी, उमरेडच्या खाणी, कोराडी, खापरखेडा आणि मौद्याची वीज केंद्रं. भरलेली मालगाडी ताशी ६०नं गेली तर सेवाग्रामला पोचायला सव्वा तास घेते, एक्स्प्रेस ४० मिनिटांत जाते. म्हणजे मालगाडीला मध्ये कुठेही न थांबवता काढायचं तर तिच्यामागे ३५ मिनिटं एकही एक्स्प्रेस नको. एवढी पोकळी दिवसा मिळत नाही. मग तिला बोरखेडीला टाका, तुळजापूरला टाका, असं करत न्यावं लागतं. आणि मालगाडी लूपमध्ये असली की त्या स्टेशनावर पॅसेंजरला बाजूला घ्यायला जागा उरत नाही, म्हणून पॅसेंजर आधीच्याच स्टेशनवर अडकते. फलाटावरच्या माणसाला वाटतं, पुढे रूळ तर मोकळा दिसतो.

मार्गावर किती गाड्या मावतात, याचा एक जुना हिशोब रेल्वेत शिकवतात. त्याला स्कॉटचं सूत्र म्हणतात. दोन स्टेशनांमधला जो सगळ्यात वेळखाऊ टप्पा असेल, तो पार करायला लागणारी मिनिटं घ्यायची, त्यात लाइन क्लिअर, म्हणजे गाडी पुढे सोडायची परवानगी, देण्या-घेण्याचा वेळ मिळवायचा आणि दिवसाच्या १४४० मिनिटांना त्यानं भागायचं. दहा मिनिटं प्रवास आणि पाच मिनिटं कामकाज धरलं तर ९६ येतात. पण ९६ गाड्या धावू शकत नाहीत. रूळ दुरुस्तीला ब्लॉक लागतो, सिग्नल बिघडतो, गुरं आडवी येतात. म्हणून त्याला ०.७ नं गुणायचं, की ६७ उरतात. वेळापत्रक बसवणाऱ्याला या ६७ मध्येच सगळ्यांना बसवायचं असतं. तो ०.७ आपण हळूहळू कुरतडतो. प्रत्येक नवी गाडी, प्रत्येक नवा थांबा, देखभालीच्या ब्लॉकमधून थोडा वेळ काढून घेतो. ब्लॉक मिळाला नाही की काही महिन्यांनी त्याच रुळावर ताशी ३०ची कॉशन, म्हणजे वेगमर्यादा, लागते आणि सगळ्यांच्याच गाड्या रखडतात.

हे वेळापत्रक नक्की कुठे शिजतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. लोक डीआरएमना, म्हणजे रेल्वेच्या विभागीय व्यवस्थापकांना, निवेदन देतात आणि आठवड्यानं विचारतात, काय झालं? विभाग आपला अभिप्राय लिहून झोनच्या मुख्यालयाला पाठवतो. आपल्या शहरात दोन झोनची विभागीय कार्यालयं आहेत, हेही लक्षात घ्या. बुटीबोरी, काटोल, नरखेड मध्य रेल्वेत, त्यांचा कागद मुंबईला जातो. कामठी, भंडारा रोड, तुमसर दक्षिण पूर्व मध्य रेल्वेत, त्यांचा बिलासपूरला. मग सगळ्या झोनचे वेळापत्रकाचे अधिकारी एकत्र बसतात, त्या बैठकीला आयआरटीटीसी म्हणतात. तिथे खरी घासाघीस होते. इटारसीला पश्चिम मध्य रेल्वे गाडी कितीला देणार, बल्लारशाहला दक्षिण मध्य रेल्वे ती कितीला घेणार, हे आधी ठरतं. दोन्ही टोकं बांधलेल्या दोरीसारखी आपली मधली वेळ असते. चेन्नईला सकाळी पोचणं सोयीचं म्हणून, किंवा दिल्लीला सकाळी फलाट मिळतो म्हणून, नागपूरला ती गाडी रात्री अडीच वाजता येते. नागपूरच्या सोयीनं तिला हलवायचं तर दोन हजार किलोमीटरवरच्या सगळ्या वेळा हलतात. शेवटी रेल्वे बोर्डाची मंजुरी, आणि मग नवं वेळापत्रक. पूर्वी अनेक वर्षं ते १ जुलैला यायचं, नंतर १ ऑक्टोबरला, २०२५ पासून १ जानेवारीला येऊ लागलं.

म्हणजे डिसेंबरात दिलेलं निवेदन निरुपयोगी असतं. तोवर रेघा ओढून झालेल्या असतात. रेकचा (जोडलेल्या डब्यांच्या संचाचा) हिशोब लागलेला असतो, म्हणजे आलेला रेक पिट लाइनवर धुऊन-तपासून कोणत्या गाडीला परत जोडायचा ते. इंजिनांच्या लिंक (कोणतं इंजिन कोणत्या गाडीला ते), ड्रायव्हर-गार्डच्या ड्यूट्या आणि फलाट या सगळ्यांची वीण घातलेली असते. एक टाका ओढला तर दहा ठिकाणी उसवतं. इंग्लंडमध्ये मे २०१८ मध्ये मोठा वेळापत्रक बदल केला तेव्हा हेच झालं. मँचेस्टरकडच्या एका मार्गाचं विद्युतीकरण वेळेत संपलं नाही, त्यामुळे ठरलेलं वेळापत्रक ऐनवेळी बदलावं लागलं. ड्रायव्हरना नव्या मार्गांचं प्रशिक्षण पुरेसं झालेलं नव्हतं. कित्येक आठवडे रोज शेकडो गाड्या रद्द होत होत्या. घाईत बदललेलं वेळापत्रक असं अंगावर येतं.

आता मला ज्याचं सगळ्यात जास्त वाटतं, त्याकडे येतो.

गाडी वेळेवर धावली की नाही, हे आपल्याकडे मुख्यतः शेवटच्या स्टेशनवर मोजतात. तिथे ती पंधरा मिनिटांच्या आत पोचली की वेळेवर. वेळापत्रक आखताना गाडीला थोडा राखीव वेळ द्यावाच लागतो. रूळ दुरुस्तीसाठी वेगळा, वाहतुकीच्या अडचणींसाठी वेगळा. त्यात चूक काही नाही. पण तो वेळ बऱ्याचदा प्रवासाच्या शेवटच्या टप्प्यात रचून ठेवलेला असतो. घरी बसून पडताळता येईल. अजनी ते नागपूर अंतर तीन किलोमीटर. नागपूरहून सुटणाऱ्या गाडीला अजनी गाठायला वेळापत्रकात किती मिनिटं दिली आहेत ते पाहा. मग नागपूरला संपणाऱ्या गाडीला अजनीहून नागपूरला यायला किती दिली आहेत ते पाहा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे तो राखीव वेळ. गाडी वाटेत तासभर रखडली तरी शेवटी या वेळात भरून निघते आणि कागदावर वेळेवर ठरते. मधल्या स्टेशनवर उतरलेल्या माणसाचा गेलेला तास कुठल्याच रकान्यात येत नाही.

नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट सांगतो. जागेचं नाव लिहीत नाही. सकाळची पॅसेंजर होती, जून संपत आला होता. मागून उशिरा धावणारी एक मेल येत होती, म्हणून मी पॅसेंजर एका लहान स्टेशनवर लूपला घेतली. मेल गेली. तिच्यामागे वीस मिनिटांवर दुसरी एक्स्प्रेस, तीही काढून घेऊ म्हटलं. मास्तरांचा फोन आला, "साहेब, गाडीत परीक्षेची पोरं आहेत, सोडून द्या." मी म्हणालो, "एवढी एक जाऊ द्या." ती गेली, आणि तिच्यामागे कोळशाची भरलेली गाडी आली, जिला चढावर थांबवली तर पुन्हा निघायची खात्री नव्हती. ती पण सोडली. पॅसेंजर तिथे एक तास दहा मिनिटं उभी होती. नियमानं मी काही चुकलो नव्हतो, मेल-एक्स्प्रेसला आधी काढायचं असतंच. पुढे त्या पॅसेंजरला मोकळा मार्ग मिळाला, शेवटच्या टप्प्यातला राखीव वेळ मिळाला, आणि ती शेवटच्या स्टेशनवर बारा मिनिटं उशिरा पोचली. नोंद झाली, वेळेवर. परीक्षेची पोरं तीन स्टेशनं आधीच उतरली होती. संध्याकाळी मास्तरांनी एवढंच सांगितलं की काहींना पेपरला बसू दिलं नाही. मी त्या पोरांना कधी पाहिलं नाही. त्यांतला कुणी हे वाचत असेल तर त्याची माफी मागतो.

म्हणून म्हणतो, थांबा मागण्याआधी आपल्या सेक्शनच्या, म्हणजे आपल्याच टप्प्यातल्या स्टेशनांमध्ये धावणाऱ्या, गाडीला पक्का पाथ मागा. सिंदीच्या माणसाला चेन्नईला जाणारी गाडी सिंदीला थांबायला नको आहे. त्याला सकाळी नऊच्या आत नागपूरला पोचायचं आहे आणि संध्याकाळी सहानंतर परत निघायचं आहे. तुमसरच्या, काटोलच्या, धामणगावच्या अप-डाऊनवाल्यांचं तेच. माझ्या ओळखीच्या एका बाईंनी मला स्टेशनवर विचारलं होतं, "एक्स्प्रेस आमच्या गावाले काऊन नाही थांबत जी?" मी विचारलं, पॅसेंजरनं जात नाही का? त्या म्हणाल्या, "पॅसेंजरचा काय भरोसा?" त्यांना भरोसा हवा होता. एक्स्प्रेसचा थांबा ही त्या भरोशाची बदली मागणी होती.

मेमूसारखी जवळच्या अंतराची विजेची गाडी या कामासाठीच असते. डब्यांखालीच मोटरी असल्यानं ती पटकन वेग घेते, इंजिन फिरवायला लागत नाही, दोन्ही टोकांनी चालते. एक्स्प्रेसला गावोगावी थांबवण्यापेक्षा मेमूला थांबवणं चार्टला कितीतरी कमी जड जातं. पण तिचा पाथ जर उरल्यासुरल्या जागेत टाकला आणि पहिल्या उशिरा आलेल्या मेलला तो देऊन टाकला, तर मेमूचीही पॅसेंजरच होते.

हे होऊ शकतं, याचा पुरावा स्वित्झर्लंडमध्ये आहे. १९८२ मध्ये तिथे सगळ्या देशाचं वेळापत्रक दर तासाला त्याच मिनिटाला गाडी, असं बसवलं. सात पाचला गाडी असेल तर आठ पाचला, नऊ पाचला, रात्रीपर्यंत. पुढे १९८७ मध्ये लोकांनी मतदान करून मोठा आराखडा मंजूर केला. त्यात आधी वेळापत्रक ठरवलं आणि ते जमावं म्हणून कुठे नवा रूळ लागेल तेवढाच बांधला. झुरिक-बर्न प्रवास तासाच्या आत आला पाहिजे, कारण दोन्हीकडे जोडगाड्या ठरल्या वेळी भेटतात, म्हणून मध्ये नवी लाइन टाकली आणि २००४ अखेर ती वेळ गाठली. आपला देश त्यांच्यासारखा नाही, आपल्या मालगाड्या आणि अंतरं वेगळी आहेत, हे मला कळतं. पण पाऊणशे किलोमीटरच्या एका सेक्शनवर सकाळचे चार तास आणि संध्याकाळचे चार तास ठरावीक अंतरानं मेमूचे पाथ राखणं अशक्य नाही. हे मी रेघा ओढून बघितलं आहे.

एक संधी आपण घालवली. मार्च २०२० मध्ये प्रवासी गाड्या थांबल्या आणि आमच्या हयातीत पहिल्यांदा चार्ट कोरा झाला. त्या काळात आयआयटी मुंबईच्या मदतीनं शून्यापासून वेळापत्रक मांडायचं काम झालं. देखभालीला सलग ब्लॉक, मालगाडीला वेगळी पोकळी, एक्स्प्रेसचे कमी वापराचे थांबे कमी, हा विचार बरोबर होता. पण पुन्हा गाड्या सुरू झाल्या तेव्हा बऱ्याच पॅसेंजर एक्स्प्रेसच्या भाड्यानं धावू लागल्या, दहा रुपयांचं किमान तिकीट तीस झालं, आणि ते २०२४च्या सुरुवातीला खाली आलं. लहान गावच्या माणसाला वाटलं, नवं वेळापत्रक म्हणजे आपलं काहीतरी काढून घेणं. मग थांब्यांच्या मागण्या दुप्पट जोरात आल्या आणि प्रायोगिक थांबे एकामागून एक परत सुरू झाले. त्या वेळी आपण सगळ्यांनी मिळून 'थांबे काढा, पण बदल्यात सेक्शनला पक्के पाथ द्या' एवढं एक वाक्य म्हटलं असतं, तर आज चित्र वेगळं असतं, असं मला मनापासून वाटतं. तेव्हा मी गप्प बसलो, हेही सांगायला हवं.

दुसरी संधी समोर आहे. नागपूर-सेवाग्राम तिसऱ्या आणि चौथ्या मार्गाचं काम टप्प्याटप्प्यानं होत आलं आहे. दोनाचे चार रूळ झाले की मोठी जागा मोकळी होईल. ती कुणाची, हे आज ठरलं नाही तर नव्या गाड्या ती दोन वर्षांत भरून टाकतील. वंदे भारत येतील, त्यांना माझा विरोध नाही. नागपूरहून बिलासपूर, इंदूर, सिकंदराबाद आणि अजनीहून पुणे अशा त्या धावतात आणि लोकांना हव्या आहेत. पण वेगाची गाडी चार्टवर जास्त जागा खाते, कारण तिच्यापुढचा सगळा रस्ता आधी रिकामा करावा लागतो. तो रिकामा करताना बाजूला कोण जातं, ते मी वर लिहिलंच आहे.

सल्लागार समितीच्या पुढच्या बैठकीला जाल तेव्हा थांब्यांच्या यादीऐवजी एक पान घेऊन जा. त्यावर विचारा, की आमच्या सेक्शनच्या सकाळ-संध्याकाळच्या गाड्या मागच्या सहा महिन्यांत मधल्या स्टेशनांवर किती वेळेवर होत्या. शेवटच्या स्टेशनवरचा आकडा देतील, तो घेऊ नका. मधल्या स्टेशनांच्या वेळा आता सिग्नलच्या यंत्रणेतूनच नोंदल्या जातात, त्या काढता येतात. मग विचारा, की या गाड्यांचा राखीव वेळ शेवटी न ठेवता वाटेवर वाटून देता येईल का. आणि लेखी मागा, की नवे मार्ग सुरू झाल्यावर सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी पाच ते नऊ किती पाथ मेमूसाठी राखणार. थांबा मागायचाच असेल तर ज्या स्टेशनवर मेन लाइनला फलाट आहे तिथला मागा, आणि त्याच गाडीचा कोणता कमी वापराचा थांबा त्या बदल्यात सोडता येईल, तेही तुम्हीच सुचवा. दोन गावांच्या संघटनांनी हे आधी एकमेकांशी बोलून ठरवलं तर अधिकाऱ्याला नाही म्हणणं कठीण जातं. आणि हे सगळं पावसाळ्याच्या आत द्या.

माझ्याकडे नागपूर ते सेवाग्राम, पहाटे पाच ते सकाळी अकरापर्यंतचा चार्ट तयार आहे. छापील वेळापत्रकावरून, पेन्सिलीनं, हातानं काढलेला. मालगाड्या त्यात अंदाजानं घातल्या आहेत, बाकीच्या रेघा पक्क्या आहेत. मेमूला जागा कुठे निघते ते त्यात दिसतं, आणि कुठे निघत नाही तेही. ज्यांना बघायचा आहे त्यांनी रविवारी सकाळी अजनीला माझ्या घरी यावं, टेबलावर पसरून दाखवतो. इटारसी आणि गोंदिया बाजूचा कागद अजून व्हायचा आहे. त्यासाठी येताना एवढं लिहून आणा, की तुमच्या गावातून सकाळी किती माणसं निघतात, कुठे उतरतात आणि किती वाजता त्यांना तिथे पोचायचं असतं.

आपला,
एक निवृत्त सेक्शन कंट्रोलर
अजनी, नागपूर